मासिक वर्गणी नसलेली छत्री: बॉक्सच्या कंपनीआधी पाहायच्या गोष्टी

आपण विचारले आहे की, संगमेश्वर तालुक्यातील गावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या डीटीएचचे रिचार्ज संपले की टीव्ही बंद पडतो, ते पुण्याला फोन करून कळवेपर्यंत एक-दोन दिवस जातात, म्हणून मासिक वर्गणी नसलेला संच घरी बसवून द्यायचा आहे. त्यासाठी कोणत्या कंपनीचा सेट-टॉप बॉक्स घ्यावा आणि सुट्टीत गावी गेल्यावर तो स्वतः बसवता येईल का. घर कौलारू आहे आणि मागे माड-पोफळीची बाग आहे, हेही आपण लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. रत्नागिरी आणि सातारा या भागांत मी अनेक वर्षे छत्र्या (डिश अँटेना) बसवण्याचे आणि बिघडलेल्या छत्र्या दुरुस्त करण्याचे काम करतो. बॉक्स कोणत्या कंपनीचा यावरून चित्राच्या दर्जात फारसा फरक पडल्याचे मला क्वचितच दिसले आहे. फरक पडतो तो छत्री कोठे आणि किती घट्ट बसवली, उपग्रहाशी किती नेमकी जुळवली आणि केबल कशी ओढली यावरून. म्हणून पैसे आणि वेळ तिकडे घालावेत, बॉक्सच्या निवडीवर फार डोके शिणवू नये.

तथापि खरेदीच्या आधी एक गोष्ट घरी फोन करून विचारावी: आई-वडील रोज नेमक्या कोणत्या वाहिन्या पाहतात? आपल्याकडे वर्गणीविना मिळणारी उपग्रह सेवा म्हणजे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश. ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिच्यावर दूरदर्शनच्या सर्व प्रमुख वाहिन्या मिळतात. त्यांत सह्याद्री तर आहेच, गोव्यात नातेवाईक असणाऱ्यांसाठी डीडी गोवाही आहे. शिवाय आकाशवाणीची चाळीसहून अधिक केंद्रे आणि पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत. परंतु झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या तिच्यावर नाहीत. आईची संध्याकाळ यांतील एखाद्या मालिकेभोवती गुंफलेली असेल, तर संच कितीही उत्तम बसला तरी आठवड्याभरात घरात नाराजी होते, आणि मग जुने रिचार्ज पुन्हा सुरू करावे लागते. असे मी अनेक घरांत पाहिले आहे. याउलट बातम्या, जुने चित्रपट, कीर्तन, शेतीविषयक कार्यक्रम आणि सह्याद्री यांवर समाधान असणाऱ्या घरात वर्षानुवर्षे कोणाची तक्रार येत नाही. क्रिकेटचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून तेही सांगतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी प्रसारकांना प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ते खासगी केबल-डीटीएचवरील दूरदर्शनवर दाखवता येत नाही, फ्री डिशवर मात्र दिसते. त्यामुळे भारताचे अनेक सामने येथे विनाखर्च पाहता येतात. आयपीएलची अपेक्षा ठेवू नये.

खासगी वाहिन्यांबाबत आणखी एक वस्तुस्थिती लक्षात ठेवावी. फ्री डिशवरील त्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, आणि जागेची मुदत संपली की वाहिनी राहीलच असे नाही. २०१९ मध्ये मोठ्या प्रसारकांच्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून गेल्या, २०२० मध्ये परतल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. मराठीतही फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या वाहिन्या या सेवेवर दिसल्या आहेत. पण आज दिसते ती वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये दिसेलच, असे आश्वासन कोणताही दुकानदार प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. तो देत असेल तर ते गृहीत धरू नये.

आता खर्चाकडे येतो. छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स, केबल आणि बसवण्याची मजुरी मिळून सर्वसाधारण संच २,००० रुपयांच्या आसपास होतो. मोठी छत्री आणि चांगली केबल घेतल्यास त्याहून काहीसा अधिक. त्यानंतर कोणतेही रिचार्ज नाही, कार्ड नाही, वार्षिक शुल्क नाही. काही विक्रेते ‘सर्व सशुल्क वाहिन्या कायमच्या मोफत’ असे सांगून इंटरनेटला जोडायचे बॉक्स विकतात. ते चोरून उलगडलेले सिग्नल असतात, ते बेकायदा आहेत आणि काही महिन्यांत बंद पडतात. वयस्कर माणसांच्या घरात असा बॉक्स मुळीच ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बॉक्स घेताना दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तो एमपीईजी-४ (चित्र आकुंचित करून पाठवण्याची नवी पद्धत) असावा. फ्री डिशवरील काही वाहिन्या जुन्या एमपीईजी-२ पद्धतीने आणि काही एमपीईजी-४ पद्धतीने येतात. जुना, स्वस्त बॉक्स फक्त पहिल्या प्रकारच्या वाहिन्या दाखवतो, नवा दोन्ही दाखवतो. किमतीतला फरक थोडा आहे आणि तो वाचवण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणजे घरचा टीव्ही नवा असल्यास बॉक्सला एचडीएमआय जोडणी असावी, आणि जुना असल्यास लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जोडणी असावी. दोन्ही असलेला बॉक्स सहज मिळतो. टीव्ही अलीकडचा असेल तर त्याच्या माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ ट्यूनर (उपग्रहाचा सिग्नल थेट घेणारा भाग) आहे का, हेही पाहावे, कारण तसा असेल तर छत्रीची केबल थेट टीव्हीला जोडता येते आणि आई-वडिलांच्या हाती एकच रिमोट राहतो. वयस्करांच्या घरात ही सोय लहान नाही. भारतीय मानक ब्यूरोने अशा अंतर्भूत ट्यूनरच्या टीव्हीसाठी २०२२ मध्ये मानकही प्रसिद्ध केले आहे. कोकणातील वीज लक्षात घेता, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बॉक्स घेतल्यास तो छोट्या सौर संचावर किंवा बॅटरीवरही चालतो.

यानंतर खरा विषय, म्हणजे जागा. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडण्यात आला आणि तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर दिसतो. आपल्या गावावरून तो आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजल्यास साधारण १२९ अंशांवर, आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश उंच आहे. पुण्यात ही दिशा सुमारे १३२ अंश, नागपुरात सुमारे १४५ अंश आणि पणजीत सुमारे १२७ अंश येते. उंची सर्वत्र ५७ ते ६१ अंशांच्या दरम्यान राहते. होकायंत्राचा दोष (चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक) आपल्या भागात अगदी किरकोळ असल्याने साधे होकायंत्र किंवा मोबाइलमधील होकायंत्र पुरते. मात्र ते लोखंडी पाइप, पत्रा किंवा स्लॅबमधील सळ्या यांपासून दूर धरून वाचावे.

उंची ६० अंश आहे, याचा व्यवहारातील अर्थ फार उपयोगी आहे. पूर्वेकडचे सह्याद्रीचे डोंगर आड येतील अशी भीती अनेकांना वाटते, ती निराधार आहे. एवढ्या उंचावर पाहणाऱ्या छत्रीला डोंगर आड येत नाही. आड येतात ती जवळची झाडे. छत्रीपासून जितके अंतर, त्याच्या सुमारे १.७ पटीपेक्षा जास्त उंचीची वस्तू आग्नेय दिशेला असेल तर ती सिग्नल अडवते. म्हणजे छत्रीच्या पातळीपासून २० मीटर उंच माड असेल, तर तो किमान १२ मीटर दूर हवा. माडाची झावळी ही तर विशेष फसवी अडचण आहे: निरभ्र दिवशी ती बाजूला असते आणि चित्र स्वच्छ दिसते, पण पावसाळी वाऱ्यात भिजलेली झावळी मधून मधून आड येते आणि चित्र तुटते. मग लोक बॉक्स बदलतात, एलएनबी बदलतात आणि दोष तिथेच राहतो. झाडाची पुढील काही वर्षांची वाढही धरूनच जागा ठरवावी.

जागा मोकळी आहे की नाही हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्या भागातून नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत, त्या वेळी छत्रीच्या नियोजित जागेवर स्वच्छ ऊन पडत असेल तर उपग्रहाकडची वाट मोकळी आहे. सावली असेल तर ज्याची सावली आहे तीच आपली अडचण. याच दिवसांत काही मिनिटे चित्र जाते, कारण सूर्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलवर मात करतो. तो बिघाड नव्हे, आणि त्यासाठी कोणालाही बोलावण्याची गरज नाही. आपली सुट्टी इतर दिवसांत असेल तर होकायंत्र आणि मोबाइलमधील कोन मोजण्याची सोय वापरून तीच रेषा डोळ्यांनी पाहावी.

छत्री कशावर बसवावी, हे घराच्या बांधणीवर अवलंबून आहे. कौलांवर किंवा वाशांवर ती कधीच बसवू नये: वाशे पावसात फुगतात आणि उन्हात आकसतात, छत्री हळूहळू फिरते, आणि दुरुस्तीसाठी चढणारा माणूस कौले फोडतो. चिऱ्याची भिंत असेल तर तिच्यावर, अन्यथा अंगणात सिमेंटमध्ये रोवलेल्या जाड लोखंडी पाइपवर बसवावी. पाइप ओळंब्याने अगदी सरळ उभा करावा, कारण पाइप कलला तर छत्रीवरील कोनाचे आकडे निरर्थक होतात आणि जुळवणीचे काम दुप्पट होते. ज्यांचे स्लॅबचे घर आहे त्यांनी गच्चीच्या तळाला भोके पाडू नयेत. वॉटरप्रूफिंगला एकदा भोक पडले की पुढच्या पावसात खालच्या खोलीत गळती येते. तिथे कठड्याच्या भिंतीवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाबलेल्या लोखंडी चौकटीवर छत्री बसवावी. हाउसिंग सोसायटीत असाल तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

छत्रीच्या आकाराविषयी मतभेद आहेत, म्हणून माझी कारणे सांगतो. बाजारात ६० ते ६५ सेंटिमीटरची छत्री सर्रास मिळते आणि देशावरच्या कोरड्या भागात ती पुरेशी आहे. कोकणात मी, जागा आणि आधार भक्कम असल्यास, ९० सेंटिमीटरची सुचवतो. तिचे क्षेत्रफळ ६० सेंटिमीटरच्या सव्वादोन पट असते, तेवढाच सिग्नल अधिक गोळा होतो, आणि मुसळधार सरीत चित्र जाण्याची वेळ कमी होते. या वारंवारितेवर जोरदार पाऊस सिग्नल शोषतोच, त्यामुळे आषाढातील मोठ्या सरीत काही मिनिटे चित्र जाणारच, आणि ‘पावसातही कधी जात नाही’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मात्र मोठी छत्री वाराही सव्वादोन पट झेलते, आणि तिचा झोत (ती ज्या कोनातून सिग्नल पकडते तो) अरुंद असल्याने थोडी हलली तरी सिग्नल हरवते. हलक्या पाइपवरील मोठ्या छत्रीपेक्षा घट्ट पाइपवरील लहान छत्री निश्चितच बरी. समुद्रकिनाऱ्याजवळच्या घरांत गॅल्व्हनाइज केलेले नटबोल्ट घ्यावेत, अन्यथा दोन पावसाळ्यांत ते गंजून बसतात.

जुन्या डीटीएचची छत्री उतरवून वापरावी का, असे पुष्कळ जण विचारतात. ती आपल्या मालकीची असेल आणि पत्रा वाकलेला नसेल तर जरूर वापरावी. टाटा प्लेची छत्री ८३ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे, त्याच मोजणीने डी२एचची ८८ अंशांकडे, डिश टीव्हीची ९५ अंशांकडे आणि एअरटेलची १०८ अंशांकडे वळवलेली असते, म्हणजे डिश टीव्हीची छत्री फक्त किंचित पश्चिमेकडे वळवावी लागते. एलएनबी मात्र नवा, ९७५० आणि १०६०० असे आकडे छापलेला युनिव्हर्सल प्रकारचाच घ्यावा. त्याची किंमत फार नाही, आणि जुना एलएनबी त्या प्रकारचा आहे की नाही, हे शोधत बसण्यात दिवस जातो.

केबलवर पैसे वाचवू नयेत. आरजी-६ प्रकारची, तांब्याच्या गाभ्याची आणि बाहेरून काळे आवरण असलेली केबल घ्यावी. पांढरे आवरण उन्हात लवकर चिरते. छत्रीपासून टीव्हीपर्यंत एकच अखंड तुकडा असावा, मध्ये सांधा नसावा. एलएनबीजवळच्या एफ कनेक्टरवर (केबलच्या टोकाच्या जोडावर) रबरी टोपी आणि त्यावर पाणी न शिरणारी टेप घट्ट गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून वाहणारे पाणी त्या झोळाच्या टोकाशी गळून पडते, भिंतीत शिरत नाही. कनेक्टरमध्ये पाणी शिरणे हे माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या तक्रारींचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ते टाळायला पाच मिनिटे लागतात. वीज कडाडत असताना केबल बॉक्समधून काढून ठेवण्याची सवय घरच्यांना लावावी, आणि पाइप जमिनीशी अर्थिंगने जोडावा.

आता प्रत्यक्ष जुळवणी, जी आपण स्वतः करू शकाल का, असे विचारले आहे. करू शकाल, पण दोन माणसे लागतील: एक छत्रीपाशी आणि एक टीव्हीसमोर, आणि दोघांत मोबाइलवर संभाषण. बॉक्समध्ये उपग्रह म्हणून जीसॅट-१५ निवडावा. जुन्या बॉक्समध्ये ९३.५ अंशांवर इन्सॅट-४बी असे नाव दिसले तरी चालते, कारण आधीचा उपग्रह त्याच जागी होता. एलएनबीची वारंवारिता ९७५०–१०६०० ठेवावी, आणि डायसेक (एकाहून अधिक एलएनबींतून निवड करण्याची सोय) बंद ठेवावे. फ्री डिशची प्रक्षेपणे ११७०० मेगाहर्ट्झच्या खाली आणि उभ्या ध्रुवीकरणाची (लहरींची कंपने उभ्या दिशेत) असल्याने साधा एलएनबीही ती नीट पकडतो.

छत्रीचा पत्रा पाहून तिच्या दिशेचा अंदाज बांधू नये. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असल्याने पत्र्याचा कल आणि छत्रीची नजर यांत सुमारे २४ अंशांचा फरक असतो. ६० अंश उंचीवर पाहणाऱ्या छत्रीचा पत्रा उभ्या रेषेपासून सुमारे ३६ अंशच मागे कललेला दिसतो. म्हणून पत्र्याला कोन लावण्याऐवजी छत्रीमागील कोनफळीवरचा आकडाच ६० च्या जवळ ठेवावा. त्यानंतर छत्री आग्नेयेला धरून हळूहळू पूर्वेकडून दक्षिणेकडे वळवावी, प्रत्येक वेळी अगदी थोडी, आणि दर वेळी दोन-तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. सिग्नल न दिसल्यास उंची एक अंशाने बदलून पुन्हा तेच करावे.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे केबल जोडली आहे आणि एलएनबीला वीज मिळते आहे, एवढाच तिचा अर्थ मानावा. छत्री चुकीच्या दिशेला असतानाही ती भरलेली दिसते. पाहायची ती क्वालिटी. क्वालिटी दिसली की लोक आनंदाने बोल्ट आवळतात, आणि येथेच पुढच्या पावसाळ्याची तक्रार जन्माला येते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो, त्यामुळे उपग्रह झोताच्या कडेला असतानाही निरभ्र दिवशी चित्र येते, पण पहिल्या ढगासरशी ते तुटते. म्हणून चित्र मिळाल्यावर छत्री एका बाजूला चित्र जाईपर्यंत वळवावी आणि पाइपवर खूण करावी, मग दुसऱ्या बाजूला चित्र जाईपर्यंत वळवून तिथे खूण करावी, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये छत्री आणावी. उंचीबाबतही हेच करावे. हे ज्या वाहिनीची क्वालिटी सर्वांत कमी आहे तिच्यावर पाहून करावे, कारण ती टिकली तर बाकीच्या टिकतात.

शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून क्वालिटी सर्वाधिक होईल तिथे ठेवावा. उपग्रह आपल्या ठीक दक्षिणेला नसून आग्नेयेला असल्याने हे फिरवणे महाराष्ट्रातून आवश्यकच असते, आणि बरेच बसवणारे ते सोडून देतात. बोल्ट आवळताना क्वालिटीवर नजर ठेवावी, कारण आवळताना छत्री थोडी सरकते. एकेक बोल्ट पूर्ण न आवळता सगळे थोडे थोडे, फिरून फिरून आवळावेत.

स्थानिक बसवणारा बोलवायचा असेल तर काम संपल्यावर पाहायच्या तीन गोष्टी सांगतो: पाइप हाताने जोरात हलवल्यावर क्वालिटी ढळत नाही, एलएनबीजवळचा कनेक्टर झाकलेला आहे, आणि केबलला झोळ आहे. या तीन गोष्टी ठीक नसतील तर मजुरी देण्याआधी त्या करून घ्याव्यात.

गावाहून निघण्यापूर्वी वडिलांना बॉक्समधील स्वयंचलित शोध कसा चालवायचा, हे दोन वेळा त्यांच्याच हातून करून घ्यावे, आणि कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबायची, ते मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीमागे चिकटवावे. दर वर्षी लिलावानंतर, साधारण एप्रिलमध्ये, वाहिन्या बदलतात. त्या वेळी काही वाहिन्या अचानक दिसेनाशा झाल्या तर छत्रीला हात न लावता आधी हा शोध चालवावा. सर्व वाहिन्या एकाच वेळी गेल्या आणि बाहेर पाऊस नसेल, तर मात्र आधी कनेक्टर, मग झाडाची फांदी आणि त्यानंतरच छत्री, या क्रमाने पाहावे.